प्रतिपक्षाचा वकील : अ‍ॅडले स्टीव्हन्सन



यंदाच्या व्याख्यानमालेतलं एक पुष्प मी गुंफावं, असं चिटणीसांनी सुचवलं आणि विषय विचारला. मी अ‍ॅडले स्टीव्हन्सन यांचं नाव सांगितलं. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "वकीलसाहेब, सुरक्षा परिषदेत गोव्याच्या विरोधात बोलला तोच ना हा अमेरिकन?" मी म्हटलं, "तोच." ते हसले आणि म्हणाले, "मग श्रोते येतील. भांडायला का होईना, पण येतील."

आपण आलात, याबद्दल आभार. भांडण शेवटी ठेवूया. आधी हा विषय माझ्या डोक्यात साठ वर्षं का घर करून बसला आहे, ते सांगतो.

१९६१ च्या डिसेंबरात मी दहा वर्षांचा होतो. वडील वकील होते. कोर्टात पोर्तुगीज, घरात कोकणी आणि वाचन, पत्रव्यवहार, भजन मराठीत, असा आपल्यापैकी अनेक घरांत होता तसाच त्रिभाषी संसार आमच्याकडेही होता. पाखले माघार घेताना पूल उडवत होते. शाळा बंद होती. आमच्या ओसरीवर रेडिओभोवती शेजारचे दहा-बारा लोक दिवसरात्र बसून असत. भारतीय सैन्य पणजीत पोचल्याची बातमी आली, त्याच सुमारास दुसरीही एक आली. न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या प्रतिनिधीने भारतावर कडक टीका केली होती, सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला होता आणि रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला होता. ओसरीवर रशियाचा जयजयकार झाला आणि त्या अमेरिकन माणसाचा सात पिढ्यांसकट उद्धार झाला. वडील तेवढे गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "शिव्या मागाहून द्या. आधी तो काय म्हणाला ते मला नीट कळू दे. समोरच्या वकिलाचं म्हणणं ज्याला कळत नाही, त्याला स्वतःचीही केस कळलेली नसते."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढे मीही वकील झालो. काही वर्षं कोर्टात काढल्यावर ते वाक्य मला पटलं आणि मग मी त्या समोरच्या वकिलाचा शोध घेतला. आज जे सांगणार आहे, ते त्या शोधातून हाती आलेलं आहे.

अ‍ॅडले स्टीव्हन्सन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९०० रोजी लॉस एंजेलिसला झाला, पण वाढले ते इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन या गावी. घराणं राजकारणातलं होतं. त्यांचे आजोबा, त्यांचंही नाव अ‍ॅडले स्टीव्हन्सन, हे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १८९३ ते १८९७ या काळात, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. आईचे आजोबा जेसी फेल हे अब्राहम लिंकन यांचे मित्र होते. लिंकन यांनी आपल्या आयुष्याची जी छोटी हकीकत लिहून ठेवली, ती या फेल यांच्याच आग्रहावरून. म्हणजे मुलाच्या कानावर पाळण्यापासून लिंकन पडत होते.

पण त्या मुलाच्या आयुष्याला वळण देणारी घटना राजकारणातली नाही. १९१२ च्या डिसेंबरच्या शेवटी, नाताळच्या सुट्टीत, घरी मुलामुलींचा मेळावा जमला होता. एक जण बंदुकीची कवायत करून दाखवत होता. बंदूक रिकामी आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. बारा वर्षांच्या अ‍ॅडलेने ती हातात घेतली आणि त्याची नक्कल करायला गेला. गोळी सुटली आणि ओळखीतली सोळा वर्षांची एक मुलगी जागीच मरण पावली. तो अपघात होता आणि कुणी त्याला दोष दिला नाही. घरात मात्र त्या विषयावर पडदा पडला तो कायमचाच. स्टीव्हन्सन पुढची चाळीस वर्षं याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव पुढे आल्यावर एका वार्ताहराने विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. आणि १९५५ मध्ये एका अनोळखी आईच्या मुलाच्या हातून असाच अपघात झाल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी तिला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा होता, की मुलाला सांगा, आता त्याला दोघांच्या वाट्याचं जगायचं आहे.

ही हकीकत मी मुद्दाम आधी सांगितली. हातातलं शस्त्र रिकामं आहे असं समजून चालणाऱ्यांची या माणसाला आयुष्यभर धास्ती वाटत आली असेल तर नवल नाही. अर्थात हा माझा तर्क आहे. कोर्टात तो टिकणार नाही.

शिक्षणात ते काही चमकले नाहीत. १९२२ मध्ये प्रिन्स्टनची पदवी मिळाली. मग हार्वर्डला कायदा शिकायला गेले, तिथे निभाव लागला नाही, परत आले. ब्लूमिंग्टनला आईच्या घराण्याचं वृत्तपत्र होतं, तिथे काही काळ काम केलं. शेवटी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून १९२६ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि शिकागोच्या एका जुन्या, प्रतिष्ठित वकिली पेढीत रुजू झाले. माझ्या व्यवसायातल्या तरुण मित्रांनी हे लक्षात ठेवावं. एका परीक्षेत मागे पडलेला माणूस पुढे जगाच्या कोर्टात उभा राहिला.

१९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. मंदीने देश पिचलेला होता आणि सरकारला तरुण वकील हवे होते. शेतमालाचे भाव सावरण्यासाठी नवीन खातं निघालं होतं, त्यात स्टीव्हन्सन काही काळ होते. पुन्हा शिकागोला परतले. शिकागो हे तेव्हा 'युरोपच्या भांडणात आपण पडू नये' या मताचं माहेरघर. तिथे त्यांनी उलट बाजू घेतली. हिटलरशी लढणाऱ्यांना मदत केली पाहिजे, असं जाहीर सभांतून मांडलं आणि शिव्या खाल्ल्या. १९४१ पासून ते नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांचे खास सहायक होते. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, त्या परिषदेत अमेरिकन शिष्टमंडळाच्या कामात ते होते. पाठोपाठ लंडनला संघटनेच्या उभारणीचं काम झालं, त्यातही होते. हा मुद्दा मनात ठेवा. संयुक्त राष्ट्रांची सनद ही त्यांच्या दृष्टीने कुणा दुसऱ्याने लिहिलेला कायदा नव्हता. ज्या घराचा चौथरा आपण घातला, त्या घराविषयी माणूस हळवा असतो.

१९४८ मध्ये ते इलिनॉयचे गव्हर्नर झाले, आणि तेही ५ लाख ७२ हजार मतांच्या आधिक्याने. त्या राज्यात तोवर एवढं मताधिक्य कुणाला मिळालं नव्हतं. त्यांच्या त्या कारकिर्दीतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. पक्ष्यांचं रक्षण व्हावं म्हणून मांजरांना घराबाहेर मोकळं फिरू देऊ नये, असा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. स्टीव्हन्सन यांनी तो परत पाठवला. मांजराच्या स्वभावातच थोडी भटकंती असते, आणि मांजर-पक्षी वादात राज्याने पडायचं ठरवलं तर उद्या कुत्रा-मांजर, पक्षी-किडा असे सगळेच तंटे सोडवत बसावं लागेल, असं त्यांनी गंभीर भाषेत लिहिलं. अशा नर्मविनोदी लेखणीचा माणूस त्या काळातल्या गव्हर्नरांत विरळा.

पण त्याच कारकिर्दीत त्यांची खरी कसोटीही लागली. अल्जर हिस या परराष्ट्र खात्यातल्या माजी अधिकाऱ्यावर खोटी शपथ घेतल्याचा खटला चालू होता. तो रशियाचा हेर असल्याचा आरोप त्यामागे होता. युद्धकाळात आणि नंतर स्टीव्हन्सन यांचा हिसशी कामापुरता संबंध आला होता. हिसची ख्याती कशी होती, एवढंच सांगणारी साक्ष त्यांच्याकडे मागितली गेली. राजकारणातला कुणीही शहाणा माणूस अंग काढून घेता. स्टीव्हन्सन यांनी १९४९ मध्ये साक्ष दिली, की माझ्या माहितीप्रमाणे त्याची ख्याती चांगली होती. पुढे हिस दोषी ठरला. विरोधकांनी ही साक्ष स्टीव्हन्सन यांच्या गळ्यात कायमची अडकवली. सिनेटर मॅकार्थी तर भाषणात मुद्दाम 'अल्जर... चुकलो, अ‍ॅडले' असं म्हणत. स्टीव्हन्सन यांचं म्हणणं असं, की परिणामांच्या भीतीने वकीलच साक्ष देईनासे झाले तर न्यायाचं काय होईल? मित्रहो, माझ्या कपाटात या माणसाविषयी जे काही आहे, त्यात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९५२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. समोर होते जनरल आयझेनहॉवर, महायुद्ध जिंकून आलेले. अमेरिकन जनतेशी आपण समजूतदारपणे बोलू, अशी स्टीव्हन्सन यांची प्रतिज्ञा होती. माजी सैनिकांच्या मेळाव्यात जाऊन त्यांनी सांगितलं, की देशभक्ती म्हणजे क्षणिक आरडाओरडा नसून आयुष्यभराची शांत निष्ठा आहे. टाळ्या कुठे मिळतील हे बघून भाषण करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या प्रचारात एक छायाचित्र गाजलं. व्यासपीठावर पायावर पाय टाकून बसलेले स्टीव्हन्सन, आणि त्यांच्या बुटाच्या तळव्याला पडलेलं भोक. त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं. निवडणुकीत मात्र ते हरले, ४४२ विरुद्ध ८९. पराभव मान्य करताना त्यांनी लिंकन यांची एक आठवण सांगितली. ठेच लागलेला मुलगा म्हणाला होता, की रडायला आता मी मोठा झालोय आणि हसायला दुखणं फार आहे. १९५६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. त्या वेळी त्यांनी हायड्रोजन बाँबच्या चाचण्या थांबवण्याची सूचना केली, तर लोकांनी त्यांना भोळसट ठरवलं. सात वर्षांनी, १९६३ च्या ऑगस्टात मॉस्कोला चाचणीबंदीच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा अमेरिकन शिष्टमंडळात स्टीव्हन्सन बसलेले होते.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, त्यांनी जगभर प्रवास केला. भारतातही आले, नेहरूंना भेटले. मे महिन्यात श्रीनगरला शेख अब्दुल्लांशी त्यांची भेट झाली. ऑगस्टमध्ये अब्दुल्लांना पदावरून दूर करण्यात आलं, तेव्हा या भेटीत काश्मीरच्या स्वातंत्र्याला फूस मिळाली असणार, असा संशय आपल्याकडे घेतला गेला. स्टीव्हन्सन यांनी तो फेटाळला. पण आपल्या मनातली एक नोंद त्यांच्या नावावर तेव्हाच चढली होती.

१९६० मध्ये केनेडी निवडून आले. स्टीव्हन्सन यांना परराष्ट्रमंत्री व्हायचं होतं. मिळालं संयुक्त राष्ट्रांतलं राजदूतपद. मंत्रिमंडळाचा दर्जा होता, पण धोरण दुसरीकडे ठरायचं आणि यांनी ते मांडायचं. वकिलाला हे नातं चांगलं समजतं. अशील वॉशिंग्टनला बसलेला, कागदपत्रं त्याच्या ताब्यात, आणि वकील न्यूयॉर्कला कोर्टात उभा.

अशील वकिलापासून काय लपवतो, हे त्यांना तीनच महिन्यांत कळलं. १५ एप्रिल १९६१ रोजी क्युबाच्या विमानतळांवर बाँबहल्ला झाला. क्युबाच्या प्रतिनिधीने अमेरिकेवर आरोप केला. स्टीव्हन्सन यांनी एका विमानाचं छायाचित्र दाखवून सांगितलं, की हे पाहा, क्युबाच्याच हवाई दलाचं विमान, त्यांच्याच बंडखोर वैमानिकांनी हे केलं आहे. प्रत्यक्षात ते विमान अमेरिकन गुप्तचर खात्याने क्युबाचा रंग देऊन पाठवलेलं होतं. दोन दिवसांनी अमेरिकेने तयार केलेली निर्वासितांची फौज क्युबाच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिचा धुव्वा उडाला. स्टीव्हन्सन यांच्याच तोंडून सगळ्या जगासमोर खोटं वदवलं गेलं होतं. ते अतिशय दुखावले, पण त्यांनी राजीनामा दिला नाही. का दिला नाही, या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

आता गोवा.

आपली बाजू आपल्याला पाठ आहे, तरी कागदोपत्री मांडतो. भारत स्वतंत्र झाल्यापासून पोर्तुगालशी बोलणी करायचे प्रयत्न चालू होते. सालाझार यांचं उत्तर एकच होतं, की हा आमच्या देशाचा भाग आहे, यावर बोलणी होऊ शकत नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी घटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत महाराष्ट्रातून आलेले कितीतरी होते. मोहन रानडे यांना १९५५ मध्ये पकडलं, ते १९६९ पर्यंत तुरुंगात होते. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं. दादरा-नगरहवेलीच्या वाटेवरून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला, की पोर्तुगालला सैन्य नेण्याचा हक्क नाही आणि भारताने आपलं कुठलंही बंधन मोडलेलं नाही. आणि १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन ठराव केले. एकाने वसाहतवाद संपवावा असं जाहीर केलं. दुसऱ्याने पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश स्वशासन नसलेले आहेत असं नावानिशी सांगितलं, आणि त्या यादीत गोवा होता.

१८ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषद भरली. भारतातर्फे सी. एस. झा बोलले. त्यांनी सांगितलं, की हा आक्रमणाचा प्रश्न नाही, वसाहतीचा आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी बळाने घेतलेल्या भूमीवर कायदेशीर मालकी सिद्ध होत नाही. आणि सनदेचा दाखला देऊन कुणी वसाहतीला अमर करू शकत नाही.

मग स्टीव्हन्सन उभे राहिले. त्यांचं भाषण मी अनेकदा वाचलं आहे. ते म्हणतात, की गोवा कुणाचा, हा प्रश्न आज आपल्यापुढे नाही. आपल्यापुढे एवढंच आहे, की संयुक्त राष्ट्रांच्या एका सदस्याने दुसऱ्याविरुद्ध सैन्य वापरलं. सनद बळाच्या वापराला मनाई करते, आणि हेतू चांगला आहे म्हणून ती मनाई उठत नाही. जगाला शांततेचे पाठ देणारे कृष्ण मेनन ऐन हल्ल्याच्या वेळी सीमेवर सैन्याची पाहणी करत होते, असा टोमणाही त्यांनी मारला. मतदान झाल्यावरचं त्यांचं बोलणं अधिक गाजलं. या संघटनेच्या मृत्यूत शेवट होईल अशा नाटकाचा पहिला अंक आपण आज पाहिला, असं ते म्हणाले आणि राष्ट्रसंघ कसा मेला त्याची आठवण त्यांनी करून दिली.

युद्ध थांबवावं आणि भारताने सैन्य मागे घ्यावं, या ठरावाच्या बाजूने सात मतं पडली : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, एक्वाडोर आणि तैवानचं चीन सरकार. विरुद्ध चार : रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाचे व्हॅलेरियन झोरिन यांचं मत हा नकाराधिकार होता, म्हणून ठराव पडला. हे चाललं होतं तेव्हा इकडे निकाल लागल्यातच जमा होता. १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

वडिलांनी सांगितल्याप्रमाणे आता समोरच्याचं म्हणणं तपासूया.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कायद्याचा मुद्दा पोकळ नव्हता. बळाने सीमा बदलायच्या नाहीत, हा नियम लहान देशांच्या हिताचा आहे. दहा महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने आपल्यावर हल्ला केला, तेव्हा बळाचा वापर वाईट, हे म्हणायची पाळी आपल्यावर आली. काही देशांनी तेव्हा आपल्याला गोव्याची आठवण करून दिली.

पण त्यांच्या युक्तिवादात तीन छिद्रं होती, आणि ती बुटातल्या भोकाहून मोठी होती. पहिलं, 'गोवा कुणाचा हा प्रश्नच नाही' असं म्हणणं. घरात घुसून बसलेल्या माणसाला बाहेर काढताना झालेल्या झटापटीचा खटला चालवायचा, आणि घर कुणाचं हे विचारायचंच नाही, असं कोणतंही कोर्ट करत नाही. दुसरं, 'शांततेचा मार्ग अजून खुला होता' हे गृहीत. चौदा वर्षं तो मार्ग सालाझार यांनी आतून कडी लावून बंद ठेवला होता. दिल्लीतले अमेरिकन राजदूत गॅलब्रेथ, जे स्टीव्हन्सन यांची भाषणं लिहायला मदत करणारे जुने मित्र, ते शेवटच्या दिवसांत भारताने कारवाई पुढे ढकलावी म्हणून धडपडत होते. पण त्या बदल्यात पोर्तुगाल काय देणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तिसरं छिद्र सर्वांत मोठं. आठ महिन्यांपूर्वी ज्या देशाने क्युबावर भाडोत्री फौज उतरवली होती, त्याचा वकील आता बळाच्या वापराविरुद्ध प्रवचन देत होता.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. त्याच वर्षी १५ मार्चला सुरक्षा परिषदेत अंगोलाचा प्रश्न आला होता. पोर्तुगालने तिथे सुधारणा कराव्यात, असा ठराव लायबेरियाने मांडला. अमेरिका आपल्या नाटो मित्राच्या विरुद्ध सहसा मत देत नसे. त्या दिवशी स्टीव्हन्सन यांनी रशियाच्या जोडीने पोर्तुगालच्या विरुद्ध मत दिलं. ठराव पुरेशा मतांअभावी बारगळला, पण लिस्बनमध्ये संतापाची लाट उठली. अझोर बेटांवरचा अमेरिकेचा हवाई तळ पोर्तुगालच्या भूमीवर होता आणि त्याचा करार १९६२ अखेर संपणार होता. वॉशिंग्टनला या तळाची काळजी होती. म्हणजे वसाहतवाद वाईट, हे स्टीव्हन्सन यांना मार्चमध्ये ठाऊक होतं आणि डिसेंबरमध्येही ठाऊक होतं.

मग ते गोव्यावर जे बोलले ते अझोरसाठी का? सगळं तसं नव्हतं, असं मला वाटतं. अशिलाचा स्वार्थ अझोरमध्ये होता. पण भाषणातली कळकळ वकिलाची स्वतःची होती. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या सनदेच्या कामात आपण होतो, ती आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे, अशी वेदना त्यात दिसते. त्यांची चूक अशी, की सनदेचं एक कलम त्यांनी छातीशी धरलं आणि त्याच सनदेतलं लोकांच्या स्वयंनिर्णयाचं तत्त्व विसरले. अमेरिकेने तो प्रश्न पुढे आमसभेत नेलाच नाही. तिथे वसाहतींतून सुटलेल्या देशांपुढे आपला टिकाव लागणार नाही, हे तिला कळत होतं. आणि ज्या नाटकाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रं मरणार होती, त्याचा दुसरा अंक गोव्यामुळे तरी झाला नाही. १९७४ मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालनेच भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा तह केला.

स्टीव्हन्सन यांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. गोव्यानंतर दहा महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच सुरक्षा परिषदेत, समोर तेच झोरिन. रशियाने क्युबात अण्वस्त्रं आणली होती. स्टीव्हन्सन यांनी सरळ विचारलं, की क्षेपणास्त्रं ठेवलीत की नाही? भाषांतराची वाट बघू नका, हो की नाही ते सांगा. झोरिन म्हणाले, मी काही अमेरिकन कोर्टात नाही. स्टीव्हन्सन म्हणाले, तुम्ही आत्ता जगाच्या न्यायालयात उभे आहात. आणि मग त्यांनी छायाचित्रं मांडली. एप्रिल १९६१ मध्ये त्यांच्या हातात खोटं छायाचित्र दिलं गेलं होतं. या वेळची खरी होती. उलटतपासणीचा तो नमुना जगभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला.

पण बंद दाराआड हाच माणूस काय सांगत होता? तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेण्याची तयारी ठेवा, म्हणजे रशियाला माघारीला वाट मिळेल. केनेडींच्या सल्लागारांनी त्यांना मऊ ठरवलं. संकट टळल्यावर डिसेंबरात एका मोठ्या साप्ताहिकात लेख छापून आला, की स्टीव्हन्सन यांना शरणागती हवी होती. त्यांनी तो आरोप जाहीरपणे फेटाळला. कित्येक वर्षांनी बाहेर आलं, की केनेडींनी रशियाशी गुपचूप जो सौदा केला, त्यात तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढण्याचं आश्वासन होतंच. म्हणजे ज्या सल्ल्याबद्दल त्यांना भित्रं म्हटलं गेलं, तोच सल्ला पाळून जग वाचलं. हे कळायला स्टीव्हन्सन हयात नव्हते.

२४ ऑक्टोबर १९६३ ला डॅलसमध्ये संयुक्त राष्ट्र दिनाच्या सभेनंतर निदर्शकांनी त्यांना घेरलं आणि एका बाईचा फलक त्यांच्या डोक्यावर बसला. तिला तुरुंगात पाठवू नका, शाळेत पाठवा, असं ते म्हणाले. महिन्याभरात त्याच शहरात केनेडींचा खून झाला. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात त्यांना डोमिनिकन प्रजासत्ताकात अमेरिकन सैन्य उतरवण्याचं समर्थन करावं लागलं. गोव्यात जे करू नका म्हणून सांगितलं होतं, त्याचीच वकिली साडेतीन वर्षांनी नशिबी आली. १९६५ च्या जुलैमध्ये जिनिव्हाच्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी सांगितलं, की आपण सगळे एका छोट्याशा अवकाशयानाचे प्रवासी आहोत, आणि त्यातली हवा आणि माती सगळ्यांची मिळून आहे. पाच दिवसांनी, १४ जुलैला, लंडनमध्ये रस्त्याने चालत असताना हृदयविकाराने ते कोसळले आणि गेले. पासष्ट वर्षांचे होते.

राजीनामा का दिला नाही? माझा अंदाज सांगतो. वकिलाला वकीलपत्र परत करता येतं. अशिलाने फसवल्यावर तर ते करावंच. ते त्यांनी केलं नाही, हा मला त्यांचा सर्वांत मोठा दोष वाटतो. पण त्याचबरोबर हेही कळतं, की आपण उठलो तर त्या खुर्चीत कोण बसेल, ही भीती चांगल्या माणसांना खुर्चीत बांधून ठेवते. आपल्यापैकी अनेकांनी नोकरीत, संस्थेत, पंचायतीत ही भीती अनुभवली आहे.

वडील १९८३ मध्ये गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी हे सगळं त्यांना थोडं थोडं वाचून दाखवत होतो. एकदा विचारलं, "तुम्ही त्याच्या जागी असता तर?" म्हणाले, "गोव्यावर तो चुकला. पण हिसच्या साक्षीला उभा राहिला. उभं राहायची सवय ज्याला असते, तो कधीकधी चुकीच्या जागीही उभा राहतो. जो कधी उभाच राहत नाही, त्याच्याविषयी तू व्याख्यान देणार आहेस का?"

ते व्याख्यान आज दिलं. आता आपण भांडायला मोकळे आहात. मी उत्तर द्यायला बसलो आहे.